रिपोर्ट हातात आल्यानंतर

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

सकाळच्या सत्रात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीवर भरपूर बोलणं झालं. पांढरं जाणं, लाल जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, या गोष्टी बाई का लपवते, तिला दवाखान्यापर्यंत कसं न्यायचं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. तपासणी झाली, तुकडा काढून तपासला, रिपोर्ट हातात आला आणि त्यात कॅन्सर निघाला. आता पुढे काय?

खरं सांगायचं तर इथे आपण गप्प होतो. ‘आता डॉक्टर बघतील’ असं म्हणतो आणि बाईला मोठ्या रुग्णालयाच्या दारात सोडून परत येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली या कॅन्सरसाठी तीन उद्दिष्टं ठेवली. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची तपासणी आणि आजार सापडलेल्या ९० टक्के बायकांना उपचार. पहिल्या दोन आकड्यांवर परिषदा होतात, पोस्टर लागतात. तिसरा आकडा कुणाच्या पोस्टरवर मी पाहिला नाही. आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार बायका त्यानं मरतात, असा २०२२ चा अंदाज आहे. त्यांतल्या कितीतरी जणी दवाखान्यापर्यंत पोचलेल्या असतात. पोचणं आणि बरं होणं यांच्या मध्ये काय घडतं, ते आज बघू.

सतराव्या दिवशी गेलेली बाई

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मराठवाड्यातून एक बाई आली होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, शेतमजूर. आजार तिसऱ्या टप्प्यात, पण उपचारानं आटोक्यात येण्यासारखा. तिला शेकाचे पंचवीस दिवस लिहून दिले होते. सतरा झाले आणि अठराव्या दिवशी ती आलीच नाही. फोन बंद. मी तिच्या फाइलवर लिहिलं, ‘रुग्णाला आजाराचं गांभीर्य समजलेलं नाही. उपचार स्वतःहून सोडले.’

चार महिन्यांनी ती परत आली. तोवर आजार पुढे सरकला होता. अर्धवट सोडलेला शेक सोडला तिथून पुढे सुरू करता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

ती का निघून गेली, ते मी तुम्हाला थोड्या वेळानं सांगते. त्याआधी उपचार म्हणजे नेमकं काय, हे समजून घेऊ. ते आपल्याला माहीत नसेल तर बाईला आपण काय सांगणार?

उपचार म्हणजे काय

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर अगदी लवकर सापडला, गाठ लहान आणि तोंडापुरतीच असली, तर ऑपरेशन करतात. हे ऑपरेशन म्हणजे गावात होतं तसं नुसतं ‘पिशवी काढणं’ नव्हे. पिशवीसोबत आजूबाजूचा भाग, योनिमार्गाचा वरचा थोडा हिस्सा आणि ओटीपोटातल्या गाठीही काढतात. ते कॅन्सरच्या ऑपरेशनची सवय असलेल्या डॉक्टरनंच करायचं असतं. लहान छिद्रांतून, दुर्बिणीनं करण्याची जाहिरात बरीच होते. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की या कॅन्सरमध्ये पोट उघडून ऑपरेशन केलेल्या बायका जास्त जगल्या. तेव्हा ‘टाके कमी पडतील’ एवढ्यावर निर्णय घेऊ नये.

आपल्याकडच्या बहुतेक बायका मात्र याच्या पुढच्या टप्प्यात येतात. गाठ मोठी झालेली असते, आजूबाजूला पसरलेली असते. तिथे मुख्य उपचार ऑपरेशन नसून शेक असतो. त्यालाच बायका ‘लाइट’ म्हणतात, ‘करंट’ म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज थोडा वेळ, असे साधारण पाच आठवडे. त्यासोबत आठवड्यातून एकदा सलाइनमधून सिसप्लॅटिन हे औषध. या औषधाचा खरंच उपयोग होतो का, याची परीक्षा आपल्याच मुंबईत झाली. टाटा मेमोरियलमध्ये तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायकांचा अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नुसता शेक घेतलेल्या शंभर जणींपैकी ४६ पाच वर्षांनंतर हयात होत्या. शेक आणि सिसप्लॅटिन दोन्ही घेतलेल्या शंभरांपैकी ५४. म्हणजे शंभरामागे आठ जणी जास्त. आणि हा तिसरा टप्पा आहे बरं का! ज्या टप्प्यावर घरचे म्हणतात, ‘आता पैसा घालून काय उपयोग’, त्या टप्प्यावर निम्म्याहून जास्त बायका पाच वर्षांनी जिवंत आहेत. हा आकडा पाठ करून ठेवा. सासऱ्यापुढे, दिरापुढे, सरपंचापुढे तो सांगावा लागतो.

पण हे होतं कधी? पूर्ण उपचार झाले तर. पाच आठवड्यांचा बाहेरून शेक झाला की आतून शेक द्यायचा असतो. गर्भाशयात आणि योनीत नळ्या ठेवून, त्यांतून गाठीच्या अगदी जवळ किरण देतात. साधारण तीन-चार वेळा. भूल देतात किंवा गुंगीचं औषध देतात. हा भाग वगळला तर बरं होण्याची शक्यता खूप घटते. आणि बाहेरचा नि आतला असा सगळा शेक मिळून आठ आठवड्यांत संपायला हवा. त्यापुढे जसजसे दिवस लांबतात तसतसा आजार परत येण्याचा धोका वाढत जातो.

आता बाईच्या बाजूनं बघा. दोन-तीन आठवडे शेक झाला की रक्त थांबतं, वास कमी होतो. तिला वाटतं, बरी झाले. घरी पेरणी खोळंबलेली, धाकटी पोरगी शेजारणीकडे. ती म्हणते, ‘ताई, आता थांबलंय की.’ रक्त थांबणं म्हणजे औषध लागू पडतंय एवढंच. आजार गेलेला नसतो. हे वाक्य तिला पहिल्याच दिवशी सांगायचं असतं, आणि तिच्यासोबत आलेल्या माणसालाही. तसंच आतल्या शेकाबद्दल. ‘उद्या उपाशी या’ एवढंच सांगितलेलं असतं आणि टेबलावर गेल्यावर तिला कळतं की आत काहीतरी घालणार आहेत. एकदा असा धसका बसला की दुसऱ्या वेळी ती येत नाही. मग आपण म्हणतो, बायकाच बेफिकीर!

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा आणि बीजकोशाचा कॅन्सर वेगळा. पाळी गेल्यावर रक्त दिसलं की अस्तराचा संशय धरायचा. तिथे मुख्य उपचार ऑपरेशन, आणि गरजेप्रमाणे शेक. बीजकोशाचा कॅन्सर उशिरा कळतो. पोट फुगणं, भूक मरणं याला बाई गॅस समजत राहते. तिथे ऑपरेशन आणि सलाइनमधून औषधं असे दोन्ही उपचार लागतात. तपशिलात आज जात नाही.

आधी तुकडा, मग पिशवी

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. सरकारच्या समितीसाठी ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणींना ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं घाबरवलेलं होतं. पांढरं जाण्याला कॅन्सरचं नाव देऊन ऑपरेशनं झाली.

याची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत आहे. ज्या बाईला खरोखर कॅन्सर आहे, तिची पिशवी तपासणी न करता साध्या ऑपरेशननं काढली, तर आजूबाजूला पसरलेला आजार तसाच राहतो. पुढचा शेकही अवघड होतो, कारण आतून शेक देताना नळी ठेवायला गर्भाशयच उरत नाही. म्हणजे कॅन्सर नसलेलीची पिशवी विनाकारण जाते आणि कॅन्सर असलेलीची चुकीच्या पद्धतीनं जाते. दोघींनाही वाचवणारा प्रश्न एकच आहे, ‘डॉक्टर, तुकडा तपासला का? रिपोर्ट कुठे आहे?’ रिपोर्ट हातात येईपर्यंत ऑपरेशनच्या कागदावर अंगठा नाही, हे गावागावात म्हणायला शिकवू या.

ती का गेली

आता त्या बाईकडे येते. ती गेल्यानंतर काही दिवसांनी तिची नणंद कागद न्यायला आली. मुंबईत ती या नणंदेकडे उतरली होती. मी विचारलं, ‘तुमच्या वहिनी मध्येच का हो गेल्या?’ ती म्हणाली, ‘संडासापायी गेली बाई. दुसरं काय.’

ओटीपोटाला शेक दिला की आतड्यांनाही तो लागतो. तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब सुरू होतात. तिला दिवसातून दहा वेळा जावं लागत होतं. नणंदेची खोली झोपडपट्टीत, संडास सार्वजनिक, दर वेळी पाच रुपये. म्हणजे दिवसाचे पन्नास. रात्री दार बंद. नंदावा म्हणायचा, ‘हिला काय झालंय, सारखी उठतेय.’ तिनं मग जेवण सोडलं. खाल्लंच नाही तर जावं लागणार नाही, असा तिचा हिशेब. त्यात शेकाच्या आधी भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतात. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी बाजूला राहतात, शेक नीट बसतो. तिला ते धरवेना. एकदा रांगेत लुगडं ओलं झालं. दुसऱ्या दिवशी तिनं गावची गाडी धरली.

जुलाबाला स्वस्त गोळ्या आहेत. काय खावं, काय टाळावं, सांगता येतं. रुग्णालयाच्या वॉर्डात सोय होण्यासारखी होती. पण त्यासाठी कुणीतरी तिला विचारायला हवं होतं. ते माझं काम होतं. मी तिला रेशनकार्ड विचारलं, उत्पन्नाचा दाखला विचारला, घरात किती माणसं ते विचारलं. ‘मावशी, संडासला कुठे जाता?’ एवढं विचारलं नाही. एम. एस. डब्ल्यू. करताना मुलाखतीचं तंत्र शिकले होते. त्यात हा प्रश्न नव्हता, आणि मला तो सुचलाही नाही. ‘गांभीर्य समजलेलं नाही’ असं मी लिहिलं. गांभीर्य मला समजलेलं नव्हतं.

तेव्हापासून उपचार अर्धवट सोडलेल्या बायकांना मी कारण विचारते. त्यांच्या उत्तरांत आजाराचं अज्ञान फार थोडं असतं. राहायला जागा नाही. सोबत आलेल्या मुलाची रजा संपली. नवऱ्याला जेवायला घालायला कुणी नाही. रक्त कमी म्हणून शेक थांबवला आणि रक्त कुठून आणायचं ते कळलं नाही. मशीन बंद होतं, पुढची तारीख कुणी कळवली नाही. घरच्यांनी म्हटलं, ‘तुझं वय झालं, पोरीच्या लग्नाला पैसे ठेवू.’ नवऱ्याला असा आजार असता तर शेत गहाण पडलं असतं. बायकोच्या आजाराला बहुतेक घरांत शेळीसुद्धा विकत नाहीत.

पैशाची काही सोय आहे, ती माहीत हवी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, शेक आणि केमोथेरपी बसते. रुग्णालय योजनेतलं आहे का, हे आधी विचारायचं आणि दाखल होताना आरोग्यमित्राला गाठायचं. रेल्वेत पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत मिळते, तिचा फॉर्म रुग्णालय भरून देतं. एसटीत २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, तिथे पेशंट उतरतात. पण दोन महिन्यांची बुडालेली मजुरी कुठल्याही योजनेत नाही. घरी मागे राहिलेल्या लेकरांचं जेवण कुठल्या योजनेत नाही.

आणि उपचार घराजवळ असले की काय होतं, तेही याच राज्यात दिसलं आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक लाख तीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यानं घटले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. सगळ्यांनी तपासणीचं कौतुक केलं. पण तपासणीत सापडलेल्या बाईला उपचारासाठी शेजारचं बार्शी होतं, तिथलं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय होतं. त्याच अभ्यासात तुलनेसाठी काही गावांत तपासणी केलीच नव्हती. ते योग्य होतं का, यावर पुढे मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. माझा मुद्दा एवढाच, की नुसत्या चाचणीनं कुणी वाचत नाही. चाचणीनंतर जे होतं त्यानं बाई वाचते.

बरी झाल्यावर

उपचार संपले, डॉक्टर म्हणाले बरी आहे. त्यानंतर बाई ज्या गोष्टी सोसते, त्या डिस्चार्ज कार्डावर नसतात.

शेकानं बीजकोशाचं काम थांबतं. पस्तिशीतल्या बाईची पाळी एकदम जाते. अंगाची आग होते, झोप उडते, चिडचिड होते. घरचे म्हणतात, हिला वेड लागलं. यावर औषध आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या बहुतेक कॅन्सरनंतर ते चालतं, पण डॉक्टरांना विचारावं लागतं, आणि बाई विचारत नाही.

शेकानं योनिमार्ग कोरडा होतो, आक्रसतो. कधी आतले थर एकमेकांना चिकटतात. हे टाळायला शेक संपल्यावर काही आठवड्यांनी, सूज उतरली की, एक गुळगुळीत कांडी वंगण लावून आठवड्यातून दोन-तीनदा आत घालून थोडा वेळ ठेवायची असते. ही कांडी केवळ नवऱ्यासाठी नसते. मार्ग मोकळा राहिला तरच पुढे आतून तपासता येतं, आजार परत आला का ते कळतं. म्हणून विधवा बाईलाही ती लागते. एका आजींना हे सांगताना मीच अडखळत होते. त्या म्हणाल्या, ‘पोरी, तू कशाला लाजतीस? शरीर माझं हाय.’

संबंधांबद्दलही बोलायला हवं. कॅन्सर नवऱ्याला लागत नाही. ‘करंट’ त्याच्या अंगात जात नाही. जखम भरली की संबंध ठेवता येतात. पण ठेवायलाच हवेत असं अजिबात नाही! मी दोन्ही टोकं बघितली आहेत. ‘ही आता बाई राहिली नाही’ म्हणून दुसरी आणणारा नवरा, आणि टाके ओले असताना बळजबरी करणारा नवरा. दोन्ही ठिकाणी आजारापेक्षा नवराच जड झाला. पहिल्या प्रकारात पोटगी, घरातला हक्क हे आपलं नेहमीचं काम आहे. दुसऱ्या प्रकाराला हिंसाच म्हणायचं. कॅन्सरची पेशंट म्हणून ते प्रकरण आरोग्याच्या वहीत टाकून मोकळं व्हायचं नाही.

काही जणी बऱ्या होत नाहीत. त्यांना ‘आता काही करता येत नाही, घरी न्या’ असं सांगतात. हे खरं नाही. रक्त थांबवायला थोडा शेक देता येतो. वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून ती पूड जागेवर लावली की वास कमी होतो. कशी लावायची ते नर्स दाखवते. गोठ्यात खाट टाकलेली बाई पुन्हा घरात येऊ शकते, एवढा फरक त्यानं पडतो. दुखण्याला मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. २०१४ मध्ये कायदा बदलल्यावर रुग्णालयांना त्या ठेवणं सोपं झालं आहे. ‘तुमच्याकडे मॉर्फिन आहे का?’ हे जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आपण काय करू शकतो

भाषण संपवताना पाच गोष्टी मांडते, दुपारी गटात त्यावर बोलू.

एक. रिपोर्ट आलेल्या प्रत्येक बाईची वही ठेवू या. उपचार कधी सुरू झाले, आठ आठवडे कधी भरतात, आतला शेक झाला का, एवढंच लिहायचं. आठवड्याला एक फोन.

दोन. पाळी लावून सोबत. गटातल्या चौघींनी दोन-दोन आठवडे वाटून घेतले तर एक बाई पार पडते. ती गेली की तिच्या घरची चूल कोण बघणार, तेही गटानं आधीच ठरवायचं.

तीन. पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न – रात्री कुठे झोपणार, संडास कुठे, खाणार काय, घरी कोण, नवरा काय म्हणतो. आजार कोणत्या टप्प्यात आहे, हे त्याच्या नंतर.

चार. सही तिची. सज्ञान बाईच्या उपचाराला तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. आणि सही करण्याआधी तिला तिच्या भाषेत सगळं सांगितलेलं असलं पाहिजे.

पाच. मागण्या. शेकाचं मशीन आणि आतल्या शेकाची सोय घराजवळ हवी. पेशंटला राहायला संडासासह जागा हवी. आणि उपचाराच्या दोन महिन्यांची मजुरी भरून मिळायला हवी. टाटामध्येच झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की नव्या पद्धतीच्या शेकानं आतड्यांचा दीर्घकाळचा त्रास जवळजवळ निम्म्यावर येतो. मग तो शेक शेतमजूर बाईला का मिळू नये?

त्या बाईच्या फाइलवरचं माझं वाक्य मला खोडता आलं नाही. फाइल बंद झाली होती. पण त्यानंतर माझ्या मुलाखतीच्या कागदावर मी हातानं एक रकाना वाढवला. संडासाचा. सोबतच्या एकीनं विचारलं, ‘हे काय?’ म्हटलं, ‘उपचाराचाच भाग आहे.’

चला, जेवायला उशीर होतोय. दुपारी गटात बसताना आपापल्या वस्तीतल्या अशा बायका आठवून या. त्यांच्यातल्या कुणाचे आठ आठवडे आत्ताच चालू असतील.